सात मैलांवरचं आकाश

सोमूजी अण्णांना हाक मारत होते, आणि अण्णांना जाऊन आठवा महिना लागला होता.

"अलो, अण्णा... तारापूरवाले अण्णा... मी सोमू, कास्कावेलवरून. आवाज येतो काय?"

सुलू ओटीवर चिकू निवडत बसली होती. पडवीच्या टोकाला तिच्या वडिलांची, अण्णांची खोली, तिथून तो आवाज आला. पातळ आवाज. मधेच दाट व्हायचा, मधेच भाजणी परतताना होतो तसा चरचराट त्याला गिळून टाकायचा. ती उठली तशी मांडीवरचे चिकू घरंगळत अंगणात गेले. खोलीच्या उंबरठ्यावर तिची आई, येसूबाई, पदराला हात पुसत उभी होती. आत जात नव्हती, बाहेरही येत नव्हती.

"हे कधीपासून येतंय?" सुलूने विचारलं.

"येतं कधीमधी. रविवारचं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू पालघरला. आणि तुला थोडीच बोलावतोय तो."

दर रविवारी दुपारचा चहा झाला की आई खोलीत जाऊन रिसीव्हर चालू करायची, हे सुलूला ठाऊक होतं. अण्णा करत, म्हणून. अण्णा असेपर्यंत तिने त्या यंत्राला कधी धड नाव घेऊन बोलावलं नव्हतं. 'ती पेटी' म्हणायची, आणि पेटीत गेलेले रविवार अण्णांना वर्षानुवर्षं ऐकवायची. आता तीच त्या पेटीवरची धूळ पुसायची आणि नुसता चरचराट लावून ठेवायची. पाखरांना दाणे टाकावेत तसं. सुलूला वाटलं होतं, सवय आहे, जाईल. त्या चरचराटातून कधी माणूस बोलत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"अण्णा, सूर्य अजून उठला नाय वाटतं," सोमूजी म्हणत होते. "काय हरकत नाय. मी हाय." मग आवाज विरला.

कास्कावेल हे मॉरिशसमधलं गाव. सोमूजींचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला म्हणून तिकडे गेले ते परत आले नाहीत. चार पिढ्यांनी मराठी घरात सांभाळली, पण सणावारी काढायच्या समईसारखी. सोमूजी साखर कारखान्यात वायरमन होते आणि हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात त्यांतले. अण्णाही तसेच. पगार बोईसरच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करण्याचा. जीव मात्र या सेटमध्ये. जुन्या बाजारातून आणलेल्या सुट्या भागांतून त्यांनी तो स्वतः जुळवला होता. तार ताणली होती मागच्या दोन माडांमध्ये. परवाना मिळाला त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, एका रविवारी त्यांनी इंग्रजीत हाक मारली आणि फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत उत्तर आलं. अण्णांनी गाव सांगितलं. पलीकडचा माणूस चाचरत म्हणाला, "म्हंजे तुमी मराठी बोलता काय?"

सुलू तेव्हा सातवीत होती. अण्णांनी कानावरचे हेडफोन काढून तिच्या कानांना लावले होते. समुद्रापलीकडचा माणूस त्यांच्याच वाडीतल्या म्हाताऱ्यांसारखं बोलत होता, फक्त 'हॅलो'ला 'अलो' म्हणत होता.

हा आवाज येतो कुठून, हे तिने विचारलं तेव्हा अण्णांनी तिला विहिरीवर नेलं. मोटर चालू करून पाइप आभाळाकडे धरला. पाणी वर गेलं आणि फुटून दोन्ही अंगांना पडलं. मधली जमीन जवळजवळ कोरडी.

"बघ. उन्हाने वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. विमानंसुद्धा पोचत नाहीत इतक्या वर त्यांचा थर असतो. त्याला आयनांबर म्हणतात. आपला आवाज त्या थराला लागून खाली वळतो. आता केरळच्या टोकावर हे इलेक्ट्रॉन असे कारंज्यासारखे वर उडतात आणि उत्तरेला नि दक्षिणेला येऊन पडतात. दोन ढीग होतात. उत्तरेचा ढीग कधी गुजरातवर असतो, कधी आपल्या डोक्यावर. दक्षिणेचा भर समुद्रात. आपला आवाज या दोन ढिगांवर टेकत टेकत सोमूजींच्या घरी जातो."

"रोज जातो?"

"छे! पहाटे थर विरळ, दुपारी दाट. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरं. दिवस-रात्र सारखे होतात त्या महिन्यांत सगळ्यांत बरं. आणि सूर्याचीही अकरा वर्षांची भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की आमचा हा बँड, म्हणजे आमच्या लहरींचा पट्टा, बंद. मग आवाज थरातून आरपार निघून जातो."

"कुठे?"

"जातो झालं." अण्णांनी पाइप खाली केला. "परत येत नाही एवढं खरं."

पुढे तशी ओहोटी आली. सुलू कॉलेजात असताना दोन-अडीच वर्षं सोमूजींचा आवाज आला नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नव्हती. दर रविवारी दुपारी ते हाक मारत, थोडा वेळ थांबत, सेट बंद करत आणि पानवेलींना पाणी सोडायला जात. तिकडे सोमूजीही तेच करत होते, हे नंतर कळलं. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीपूर्वी एका दुपारी बँड उघडला. सोमूजींचं पहिलं वाक्य होतं, "हां, तर मी काय सांगत होतो..." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

म्हणूनच सोमूजी आताही निवांत होते. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात बँड पुन्हा बुजायला लागला तेव्हा अण्णांनीच त्यांना सांगितलं होतं, "सोमूशेट, दुकान बंद व्हायची वेळ आली. सूर्य चढेपर्यंत हाक मारत राहा, मी ऐकत असेन." पुढच्या श्रावणात, जेवण करून वाडीतल्या खुर्चीत टेकलेले अण्णा पुन्हा उठले नाहीत. सुलू पालघरहून पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच खोळंबले होते. कास्कावेलला हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिथे मॉरिशसचा एक म्हातारा वायरमन बसला होता आणि त्याच्या हिशेबाने मंदावला होता तो सूर्य.

सोमूजींचा आवाज विरला त्याच रविवारी दुपारी रामनाथ आला. बोईसरच्या रंगाच्या फॅक्टरीत काम करणारा, नखांतून पिवळा रंग कधीच न जाणारा मुलगा. आता मुलगा कसला, दोन पोरांचा बाप. अण्णांनीच त्याला तारयंत्राची लिपी शिकवून परीक्षेला बसवलं होतं, परवाना मिळाल्यावर पेढे वाटले होते. परवानेदार गेला की आवाज पाठवणारा सेट घरात ठेवता येत नाही, दुसऱ्या परवानेदाराकडे द्यावा लागतो. रामनाथने सगळी कागदपत्रं करून ठेवली होती. दिवाळीनंतर एकदा तो न्यायला आला होता, तेव्हा येसूबाईंनी चहा पाजून त्याला तसाच परत पाठवला होता.

"काकू, आज तरी नेऊ का?"

"ने बाबा. रोज वाटतं, कोण पोलीस येईल नि विचारील."

"पोलीस नाही हो येत. पण कायदा आहे. ऐकायचा रिसीव्हर राहू द्या, त्याला कोणी काही म्हणत नाही."

तो स्क्रू काढायला बसला आणि नेमका तेव्हाच बँड पुन्हा हलला. "अलो अण्णा..." रामनाथचा हात सवयीने माइककडे गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या परवान्यात फक्त त्याची खोली होती, ही जागा नव्हती.

"सोमूजी!" तो सुलूकडे बघत राहिला. "ताई, यांना कोणी कळवलं नाही?"

सुलूने मान हलवली. अण्णांच्या टेबलावरच्या काचेखाली सोमूजींचा पत्ता असलेलं कार्ड होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती दोनदा पत्र लिहायला बसली होती. पहिल्या ओळीत 'सप्रेम नमस्कार' लिहिलं की दुसरी ओळ अण्णांची लिहावी लागणार होती.

"मग मी सांगतो," रामनाथ म्हणाला. "माझ्या खोलीवरून. पुढच्या रविवारी बँड लागला तर. आमच्यात ती पद्धतच आहे, काकू. एखादा गेला की बाकीच्यांना कळवायचं, अमका आता सायलेंट की झाला."

"की म्हंजे?"

"तार ठोकायचं बटण. ते गप झालं, असं."

"बटण गप झालं!" येसूबाई म्हणाल्या. "बरं बोलता रे तुमी लोक. माणूस गेला की बटण."

"तसं नाही हो काकू..."

"नाय सांगायचं."

रामनाथला वाटलं त्याचा शब्द लागला. "बरं, नाही म्हणत तसं. सरळ सांगतो, अण्णा वारले म्हणून."

"कसंच नाय सांगायचं. वाकडं नाय, सरळ नाय."

"आई," सुलू म्हणाली, "तो म्हातारा माणूस दर रविवारी..."

"मारू दे हाक." येसूबाईंनी आवाज चढवला नाही. "या घरात आता त्यांना हाक मारतंय कोण? तुझे काका 'दादा होता तेव्हा' म्हणतात. तलाठी 'मयत' म्हणतो. जिवल्या चिकू उतरवायला येतो, तो म्हणतो, 'म्हाताऱ्यानं लावलेलं झाड हाय.' तूसुद्धा 'अण्णा असते तर' म्हणतेस. हा एकच हाय, अण्णा म्हणतो आणि म्हणून झालं की थांबतो. उत्तराला थांबतो. ऐकलंस ना तू? थांबू दे त्याला."

"पण काकू, त्यांना आपण फसवतोय."

"सूर्य फसवतोय. आमी काय केलं?"

रामनाथने सुलूकडे पाहिलं, मग स्क्रू ड्रायव्हरकडे. "तुम्ही सांगेपर्यंत नाही बोलणार," तो म्हणाला. "शब्द देतो." सेट गोणपाटात गुंडाळून त्याने सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि तार वरच राहू द्या, रिसीव्हरला लागेल, असं सांगून तो गेला.

त्या वर्षी घरात सण नव्हता. पाडव्याला आळीत गुढ्या उभ्या राहिल्या तेव्हा सुलू पालघरला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालत बसली होती. सुट्टी असूनही ती किल्ली मागून घेऊन आली होती. तिला आईचं म्हणणं पटत नव्हतं, आणि आईला खोडून काढावं असं एकही वाक्य सापडत नव्हतं. इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला एक वाक्य सापडू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला.

खरं तर तिला सोमूजींचा हेवा वाटत होता. नोकरीला लागली त्या वर्षी तिने अण्णांकडून एक छोटा रिसीव्हर मागून आणला होता. रविवारी घरी जाणं झालं नाही तर खोलीत बसून अण्णांचा आवाज ऐकायचा, असा तिचा बेत होता. काही ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी तिने तक्रार केली तेव्हा अण्णांनी कागदावर एक कमान काढली. एका टोकाला तारापूर, दुसऱ्या टोकाला कास्कावेल. "आवाज इथून उडतो आणि हजारो मैलांवर उतरतो. मधल्यांच्या डोक्यावरून जातो. तू फार जवळ आहेस, सुलू. म्हणून नाही ऐकू येत." ते हे हसत म्हणाले होते, तीही हसली होती. आता ते आठवलं आणि पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायचा कागद तिने तीन वेळा वाकडा लावला.

पाडव्यानंतरच्या रविवारी ती घरी आली. दुपारी चहा झाला. आईने रिसीव्हर लावला आणि तिथेच स्टुलावर बसली. बसायची जागा अण्णांची होती.

बँड लगेच उघडला. दिवस-रात्र सारखे होण्याचे ते दिवस, ओहोटीच्या वर्षातही एखादी दुपार अशी लागते. सोमूजी शेजारच्या खोलीत असावेत इतके स्वच्छ ऐकू येत होते. आज त्यांनी 'अलो' म्हटलं नाही.

"अण्णा, मी सोमू. आज मी थोडा बोलनार. तुमी ऐका. उत्तर नको देऊ वाटलं तर नको देऊ."

येसूबाईंनी सुलूकडे पाहिलं.

"मी समजत होतो सूर्य नाय. मग गेल्या रविवारी हैदराबादवाला ऐकू आला. मी बोललो, ठीक हाय, हैदराबाद खाली हाय, तिथं कारंजाचं पाणी पडत असंल. मग पुनावाला आला. मी बोललो, ठीक. मग तुमचा तो पोरगा आला, रामनाथ. बोईसरवाला. तो सगळ्यांना हाक देत होता. मी त्याला हाक मारली. त्यानं ऐकली, अण्णा. त्यानं माझं नाव अर्धं घेतलं आनि सेट बंद केला."

चरचराट आला आणि गेला.

"बोईसर ते तुमचं घर सात मैल. तुमीच सांगितलेलं. आकाश रोज बदलतं, गावागावाला बदलतं, पन सात मैलांत नाय बदलत. बोईसर येतं तर तारापूर येनारच. म्हंजे सूर्य नाय. तुमी हाय. तुमी त्या पोराला पन सांगितलंय, सोमूशी बोलू नको."

"अगं बाई," येसूबाई म्हणाल्या.

"मी इचार केला, काय झालं. शेवटी तुमी मला बोलावलं होतं इकडं या. मी तीन वेळा बोललो येतो आनि आलो नाय. एकदा तुफानात छप्पर गेलं, एकदा मुलीचं लगीन. तिसऱ्यांदा खरं सांगतो, मी घाबरलो. मला वाटलं, माझी मराठी ऐकून तिकडं लोक हसनार. तेव्हा तुमी बोललात, 'येऊ नका मग, आमाला आवाजच बरा.' मला वाटलं तुमी मस्करी करता. आता कळतंय मस्करी नव्हती." सोमूजींनी घसा साफ केला. "मी माफी मागतो, अण्णा. माझं वय झालं. मी अजून थोडा वेळ हितं बसतो. सूर्य बुडेपर्यंत. मग मी तार काढनार."

खोलीत फक्त चरचराट राहिला. बाहेर जिवल्या चिकूच्या झाडावर होता, त्याच्या घळाची, फळं उतरवायच्या जाळीची, काठी पानांतून सळसळत होती.

"ते मस्करीच करत होते," येसूबाई म्हणाल्या. कोणाला सांगत होत्या कळत नव्हतं. "मी इथं दारात होते. ते बोलले नि माझ्याकडे बघून डोळा मारला त्यांनी."

सुलू ओटीवर गेली, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला पायांत सरकवल्या. आई तिच्या मागे पडवीपर्यंत आली. आता ती अडवणार, असं सुलूला वाटलं.

"छत्री ने," येसूबाई म्हणाल्या. "ऊन हाय."

नाक्यावर बोईसरची रिक्षा भरेपर्यंत वेळ गेला. शेवटच्या सीटसाठी रिक्षावाला हाका मारत होता, सुलूने दोन सीटचे पैसे देते म्हणून त्याला निघायला लावलं. रामनाथ स्टेशनच्या पूर्वेला एका चाळीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. गच्चीवर बांबू, बांबूला तार, तारेखाली शेजारच्या कामगारांच्या बनियन वाळत घातलेल्या. रामनाथ पहिल्या पाळीहून येऊन आंघोळ करून बसला होता. सुलूला दारात पाहताच तो उभा राहिला आणि विचारायच्या आधीच बोलला.

"मी ऐकली होती हाक, ताई. गेल्या रविवारी. सोमूजी म्हणून तोंडातून गेलंच होतं. मग काकूंना दिलेला शब्द आठवला. बंद केला सेट. रात्रभर झोपलो नाही."

"आई सांग म्हणाली," सुलू म्हणाली. तसं आई म्हणाली नव्हती. पण याहून जास्त ती कधी म्हणणार नव्हती.

रामनाथने सेट चालू केला. शेजारच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "ए रामनाथ भैया, फिर टीवी में लकीर आ रही है!"

"थोडा ठहरो भाई! आज ठहरो!"

त्याने रीतसर हाक मारली, आधी इंग्रजीत, आपली आणि सोमूजींची परवान्यावरची निशाणी घेऊन. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा उत्तर आलं, दूरचं, थंड, परक्या माणसाशी बोलावं तसं इंग्रजीत. आवाज चांगला येतो आहे. धन्यवाद.

रामनाथने माइक तोंडाजवळ नेला आणि तो तसाच राहिला. सुलूला माइकवर बोलता येत नव्हतं, परवाना नव्हता. ती त्याच्या खांद्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "म्हण, अण्णा रागावलेले नाहीत."

"सोमूजी," रामनाथ मराठीत म्हणाला, "अण्णा रागावलेले नाहीत. अण्णा सायलेंट की आहेत."

पलीकडे काही नव्हतं. बँड गेला की माणूस गप्प झाला, हे कळायला मार्ग नव्हता. रामनाथ बटणावर बोट ठेवून मीटरच्या सुईकडे बघत होता. सुई अधूनमधून हलत होती. पलीकडे बटण दाबलं जात होतं आणि सोडलं जात होतं.

"कवा?" सोमूजींनी विचारलं.

"श्रावणात. झोपेतच गेले. त्रास नाही झाला."

पुन्हा सुई हलली, पडली.

"म्हंजे पावसाळ्यापासून... मी त्यांना तो चक्रीवादळाचा किस्सा सांगितला. नातू झाला ते सांगितलं. ते सगळं..." ते थांबले. "आनि आजचं? आज मी बोललो, अण्णा रागावले म्हनून, ते कोनी ऐकलं काय?"

रामनाथने सुलूकडे मान वळवली. तिने होकार दिला.

"ऐकलं. घरी ऐकलं. काकूंनी आणि ताईंनी."

"देवा." आवाज आता लांब जाऊ लागला होता. खिडकीतून येणारा उजेड पिवळा झाला होता आणि गच्चीवरच्या बनियनांच्या सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. "त्यांना सांग, मी... नाय, काय नको सांगू. रामनाथ, बाय कशी हाय? अण्णांची बाय? पंधरा-सोळा वर्षं मी तिचा आवाज मागून ऐकला, कधी बोललो नाय. ती..."

मग चरचराट. रामनाथने हाक मारली. बटण फिरवलं, पुन्हा मारली. बाहेर सूर्य अजून पुरता बुडालाही नव्हता.

"ऐकलं असेल का त्यांनी सगळं?" सुलूने विचारलं.

"महत्त्वाचं ऐकलं." रामनाथ पिवळ्या नखांनी डोळे पुसत म्हणाला. "शेवटचा प्रश्न राहिला."

सुलू घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने देवापाशी आणि अण्णांच्या फोटोपाशी दिवा लावला होता आणि स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत होती. रिसीव्हर बंद होता. सुलूने पाय धुतले, छत्री कोपऱ्यात ठेवली, समोर येऊन बसली.

"भेटला?"

"भेटला."

"सांगितलं?"

"रामनाथने सांगितलं. आधी हेच सांगितलं की अण्णा रागावलेले नाहीत."

येसूबाईंनी एक खडा काढून जमिनीवर ठेवला. "रडला?"

"कळलं नाही, आई. आकाश तसं होतं."

"तार काढली असेल आता."

"काढली असेल."

येसूबाईंनी सुपातले तांदूळ पाखडले. सुलूने ठरवलं होतं, पुढचं सांगायचं नाही. पण आज ज्या गोष्टीसाठी ती सात मैल गेली होती ती न सांगण्यातूनच वाढली होती.

"शेवटी त्यांनी तुझं विचारलं. 'बाय कशी हाय' म्हणाले. आम्ही उत्तर देणार तेवढ्यात बँड गेला."

येसूबाईंचे हात थांबले. या आठ महिन्यांत हे घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं होतं, आणि प्रत्येकाला तिने एकच सांगितलं होतं, बरी आहे, देवाची कृपा, चहा घेणार का. सुलूलाही तेच. आता ती सुपाकडे बघत होती.

"बरी नाय," ती म्हणाली. "बरी नाय, म्हणावं."

सुलू उठून तिच्याजवळ जाऊन बसली. खूप दिवसांनी ती आईला इतकी खेटून बसली होती. आईने सूप खाली ठेवलं नाही, बाजूलाही सारलं नाही. तांदूळ सांडत राहिले आणि दोघींपैकी कोणी ते गोळा केले नाहीत.